केळं, केळी की केळीज?

डोमेनच्या नावात वस्तूचं एकवचन घ्यावं की अनेकवचन? प्रश्न वरवर पाहता चहाच्या एका कपात मिटण्यासारखा आहे. इंग्रजीत तो तसा मिटतोही. शेवटी एक 'एस' लावायचा की नाही एवढंच ठरवायचं असतं, आणि ठरतच नसेल तर दोन्ही घेऊन टाकायची. डॉट कॉमचे वर्षाला हजार-बाराशे रुपये जास्त जातील, विषय संपला. मराठीत मात्र हा प्रश्न सोडवायला घेतला की पसरत जातो. गेले तीन शनिवार-रविवार मी त्यातच आहे, म्हणून म्हटलं आज इथे लिहूनच टाकू.

निमित्त चोपड्याचं. ज्यांना चोपडा माहीत नाही त्यांच्यासाठी (आणि ऑफिसातल्या ज्या मंडळींना हे 'चोप्रा'चं चुकलेलं स्पेलिंग वाटतं त्यांच्यासाठीही): जळगाव जिल्हा, तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता गावातून जातो आणि त्याच रस्त्यावर पूर्वेकडे यावल, फैजपूर, सावदा, रावेर असा केळीचा पट्टा लागतो. माझा मामेभाऊ चोपड्याजवळ केळी लावतो. (या वाक्यातली 'केळी' एकवचनी की अनेकवचनी ते पुढे बघू. उत्तर वाटतं तितकं सोपं नाही.)

आता त्याला दोन गोष्टी करायच्यात. एक, कच्च्या केळीचे वेफर्स तळून, पाऊचमध्ये भरून पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला थेट पाठवायचे. दोन, स्वतःची आणि शेजारच्या चार-पाच जणांची केळी बाहेरच्या घाऊक व्यापाऱ्याला सरळ विकायची. दोन्हींसाठी मिळून एकच वेबसाईट. नावाचा पहिला भाग ठरलाय, तो इथे मुद्दाम सांगत नाही, आपले वाचक शनिवारी वाचतात आणि शनिवारीच बुक करून बसतात :) अडलंय ते दुसऱ्या भागावर, म्हणजे वस्तूच्या नावावर.

यात एवढं काय अडायचं? वेबसाईट नंतर बदलता येते हो, पाऊच येत नाही. असले छापील पाऊच बहुतेक रोटोग्राव्ह्युअरवर छापतात आणि त्यात प्रत्येक रंगासाठी वेगळं सिलिंडर कोरावं लागतं. नावातलं एक अक्षर बदललं की सिलिंडर पुन्हा, आणि आधी छापून ठेवलेला रोल भंगारात. पठ्ठ्याने यंदाच्या केळीचे पैसे यात घातलेत. आपल्याला चुकलं की संध्याकाळी नवं बिल्ड टाकायची सवय; त्याला ती सोय नाही.

तर आधी इंग्रजीतलं पटकन बघून घेऊ. तिकडचा नेहमीचा सल्ला असा की ब्रँड बांधायचा असेल तर एकवचन, दुकान मांडायचं असेल तर अनेकवचन. अनेकवचन म्हटलं की फळी भरलेली वाटते, निवडायला भरपूर आहे असं वाटतं. कार्स डॉट कॉम, हॉटेल्स डॉट कॉम ही त्यातली गाजलेली नावं. आपल्याकडे ९९एकर्स (२००५) आणि मॅजिकब्रिक्स (२००६) ही त्याच वळणाची. २००० च्या दशकात यात आणखी एक लोभ होता, तो कीवर्डचा. लोक सर्चमध्ये जो शब्द टाकतात तोच शब्द डोमेनमध्ये असला की साइट वर दिसते, म्हणून लोक एकवचनाचे आणि अनेकवचनाचे सर्च मोजत बसायचे. तो लोभ गूगलनेच सप्टेंबर २०१२ मध्ये मोडला. केवळ नावात कीवर्ड आहे म्हणून वर बसलेल्या सुमार साइट्सना त्यांनी खाली ढकललं. तेव्हापासून नाव निवडायचं ते यंत्रासाठी नाही, तोंडासाठी आणि कानासाठी. माझ्या मते हे चांगलंच झालं.

इंग्रजीत एक पळवाटही आहे. वस्तूचा शब्द पुढे आणला की प्रश्नच उरत नाही, कारण पुढच्या शब्दाचं विशेषण झालेलं नाम इंग्रजीत सहसा एकवचनीच राहतं. 'बनाना चिप्स' म्हणतात, 'बनानाज चिप्स' कोणी म्हणत नाही. बुकमायशोमध्ये बुक हे क्रियापद आहे, पण आपल्या बुकगंगेत ते नाम आहे आणि ते एकवचनीच आहे. गंगेत पुस्तक एकच असेल अशी शंका कुणाला येत नाही.

मराठीत ही पळवाट बंद. कांदेपोहे म्हणतो तेव्हा कांदे अनेकवचनी आणि पोहेही अनेकवचनी. कांदाभजी म्हणताना तोच कांदा एकवचनी. कांदा दोन्हींत सारखाच लागतो. आंबेवाला, पण भाजीवाला. व्याकरणाच्या पुस्तकात याचं काहीतरी कारण असेलच, पण डोमेन घेणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग शून्य.

(प्रोग्रामर मंडळींना हे भांडण नवं नाहीच. टेबलचं नाव एम्प्लॉयी की एम्प्लॉयीज यावरून किती मीटिंगा गेल्यात! २००४ साली आलेल्या रुबी ऑन रेल्सने तर यंत्रालाच अनेकवचन करायला शिकवलं: मॉडेल एकवचनी, टेबल अनेकवचनी, आणि 'पर्सन'चं आपोआप 'पीपल'. मला नेहमी वाटतं की त्या लोकांनी मराठीत हे करून बघायला हवं होतं. घर-घरं, दगड-दगड, वाट-वाटा, भिंत-भिंती, आंबा-आंबे, लिंबू-लिंबं. पहिल्याच आठवड्यात फीचर गुंडाळलं असतं.)

आता केळं. पुस्तकी मराठीत एकवचन 'केळे', बोलण्यात 'केळं', अनेकवचन 'केळी'. इथपर्यंत ठीक. हे रोमन लिपीत लिहायला घ्या. रोमनमध्ये ळ नाही, ल वर भागवावं लागतं. अनुस्वारवालं केळं लिहायची तर सोयच नाही. मग उरतात तीन स्पेलिंगं: शेवटी ए, शेवटी ई, शेवटी आय. ती मोठ्याने वाचा: केला, केले, केली. तिन्ही 'करणे'ची रूपं! गावाचं किंवा घराण्याचं नाव आणि पुढे 'केली' असं वाचलं की माणूस विचारतो, काय केली? 

त्यात हिंदीची भर. हिंदीत केला हे एकवचन आणि केले हे अनेकवचन. मराठीत केळे हे एकवचन. म्हणजे के-ई-एल-ई हे एकच स्पेलिंग इंदूरच्या व्यापाऱ्याला अनेकवचन वाटणार आणि पुण्याच्या काकूंना एकवचन. आणि चोपडा काही मध्य प्रदेशापासून लांब नाही, सातपुडा ओलांडला की पलीकडे तेच आहे. इंग्रजी सल्ला देणाऱ्याने हा प्रसंग स्वप्नातही बघितलेला नसतो: एकच डोमेन, एकाच वेळी, एकवचनी आणि अनेकवचनीही.

खान्देशातलं घरचं बोलणं अजून वेगळं. अहिराणीत आणि लेवा बोलीत ळ चा य होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. तशी केळी म्हणजे केयी. हे स्पेलिंग मात्र मोकळं असण्याची शक्यता भरपूर :) मामेभावाला मी गंमत म्हणून सुचवलं, तर तो हसला आणि मग गप्प झाला. त्याच्या मनात काय आलं ते मला कळलं. त्यावर पुढे येतो.

आधी त्या कंसातल्या प्रश्नाचं उत्तर. 'माझा मामेभाऊ केळी लावतो' यातली केळी एकवचनी आहे. फळ नपुंसकलिंगी, केळं. झाड मात्र स्त्रीलिंगी, केळ किंवा केळी. आणि शेतकरी जेव्हा केळी म्हणतो तेव्हा तो झाडही म्हणत नसतो, पीक म्हणत असतो. 'यंदा केळी चांगली आहे.' 'केळीला भाव नाही.' 'वाऱ्यात केळी पडली.' हेच पुण्यात मंडईत म्हणतील, 'केळी चांगली आहेत', 'केळ्यांचा भाव काय?' बघा, 'चांगली' दोन्हीकडे तेच राहतं. फरक कळतो तो क्रियापदावरून, नाहीतर प्रत्ययावरून. आणि डोमेनच्या नावाला क्रियापदही नसतं, प्रत्ययही नसतो.

हे फक्त केळीचं नाही. एकदा कान उघडले की सगळीकडे ऐकू येतं. घरात 'दोन किलो कांदे आण', लासलगावला 'कांदा घसरला'. घरात बेदाणे, सांगलीच्या सौद्यात बेदाणा. घरात शेंगदाणे कधीच एकटा नसतो, पण व्यापाऱ्याच्या तोंडी 'शेंगदाणा काय भाव?' पोहे घरात कायम अनेकवचनी, होलसेलच्या बोर्डावर पोहा. म्हणजे मराठीत एकवचन हे 'एकच नग' सांगायला आहे असं आपण शाळेत शिकतो, पण बाजारात ते अख्खा माल सांगतं. ट्रकभर असेल तर एकवचन, पिशवीभर असेल तर अनेकवचन! इंग्रजी सल्ल्याच्या बरोबर उलट. तिकडे अनेकवचनाने दुकान भरलेलं वाटतं; इकडे एकवचनाने गोदाम.

इंटरनेटवरच्या जुन्या भारतीय नावांतही हे दिसतं. १९९७ ला नोकरी डॉट कॉम सुरू झालं. लाखो नोकऱ्यांची साइट, नाव एकवचनी, आणि कुणाला खटकलं नाही, कारण आपण 'नोकरी शोधतोय' असंच म्हणतो. इंग्रजी शब्द घेणाऱ्यांनी मात्र टाइम्सजॉब्ज असं अनेकवचन केलं. माल तोच. शादी डॉट कॉमबद्दल मी काही बोलत नाही, तिथे एकवचन हीच अपेक्षा असते.

अर्थात नियम म्हटला की तो कुठेतरी तुटतोच. पाव किलो बाकरवडी, पाव किलो चकली, पाव किलो मिरची, पाव किलो भेंडी. गिऱ्हाईक पिशवी घेऊन उभं आहे आणि तरी एकवचन. 'पाव किलो बाकरवड्या' म्हणणारा पुणेकर मी अजून ऐकलेला नाही. 'चार बाकरवड्या दे' मात्र ऐकू येतं. ई-कारान्त स्त्रीलिंगी शब्दांचं अनेकवचन करताना तोंडात '-या' येतो आणि बहुधा जिभेला तो नकोसा वाटतो. तेव्हा चकली, पुरणपोळी, पैठणी विकणाऱ्यांना माझा सल्ला सरळ आहे: एकवचन घ्या आणि झोपा. पापड, लाडू, दगड विकणाऱ्यांचं नशीब त्याहून थोर. त्यांची दोन्ही वचनं सारखीच, एका डोमेनच्या पैशात काम होतं.

सरकारी कागदावर काय आहे तेही बघितलं. जळगावची केळी आणि जळगावचं भरिताचं वांगं या दोघांनाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. नोंद इंग्रजीत, 'जळगाव बनाना' आणि 'जळगाव भरीत ब्रिंजल'. दोन्ही एकवचनी. नागपूर ऑरेंज, महाबळेश्वर स्ट्रॉबेरी, पुरंदर फिग, लासलगाव ओनियन, सगळी एकवचनी. पण नाशिकची मात्र 'ग्रेप्स' आणि सांगलीचे 'रेझिन्स'. मला हे फार आवडलं. जे एकटं कधी खाल्लंच जात नाही ते अनेकवचनी! एक केळं सोलून खाता येतं, एक अंजीर खाता येतं. एक बेदाणा खाऊन कोण उठतं? ही कुठल्या समितीने ठरवलेली शिस्त असेल असं वाटत नाही, अर्ज करणाऱ्यांच्या तोंडात जे होतं तेच कागदावर आलं असणार.

याच न्यायाने वेफर्स अनेकवचनी. पण इथेही गंमत आहे. मराठीत वेफर्स हा शब्द अनेकवचन म्हणून आलाच नाही, अख्खा शब्द म्हणून आला. एक उचललं तरी 'वेफर्स'च. जसं बसमध्ये 'एक लेडीज उभी आहे' म्हणतो तसं. इंग्रजीचा एस आपल्याकडे येईपर्यंत त्याचं वचन गळून पडलेलं असतं, उरतो तो फक्त आवाज. म्हणून 'वेफर' असं एकवचनी डोमेन घेतलं तर ते इंग्रजीला बरोबर आणि चोपड्याला अर्धवट वाटेल. वेफर्स घ्यायचं तर एस सकट.

आणि आता तो एस, ज्याच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

मामेभावाला मनातून 'बनानाज' हवं होतं. शेवटी ज नाही, झेड. कारण विचारलं तर म्हणाला, "पुण्याच्या लोकांना केळी गावठी वाटीन भो." हे एकट्या त्याचं नाही. हायवेवर कुठेही बघा, मसालाज, साडीज, ज्वेलर्सच्या शेजारी पैठणीज. मराठी शब्दाला इंग्रजी अनेकवचनाचं शेपूट. व्याकरणाची चूक म्हणून मला त्याचा राग नाही. भाषा असल्या गोष्टी पचवते, लेडीज पचवलीच की. माझा आक्षेप व्यवहाराचा आहे. हे शेपूट बोर्डावर लावता येतं, पण तोंडात येत नाही. पैठणीज लिहिलेल्या दुकानातून बाहेर पडणारी बाई 'पैठणी घेतली' असंच सांगते. मग तिची मैत्रीण जे टाइप करेल त्यात एस नसणार. गिऱ्हाइकाने गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाव हीच छोट्या धंद्याची जाहिरात, आणि तिच्यातच तुम्ही एक अक्षर असं ठेवलंत जे कुणी उच्चारत नाही.

जळगावातच याचं मोठं उदाहरण आहे. जैन इरिगेशनचा वर्षानुवर्षांचा पत्ता जैन्स डॉट कॉम आहे, शेवटी एस. जळगावात मात्र कुणी 'जैन्स' म्हणत नाही. 'तो जैनमध्ये आहे', 'जैनची टिश्यूकल्चरची रोपं आणली', असंच चालतं. त्यांना याचा काही तोटा झाला असेल असं मला वाटत नाही. एवढ्या मोठ्या कंपनीला लोक शोधून काढतात. त्यांचा पाइप शेतात दिसतो, रोप दिसतं, डोमेन नंतर. पण आपल्या पाऊचवर जे छापलंय तेवढंच आपलं दर्शन असेल तर तेवढी चैन परवडत नाही.

कुणी म्हणेल, हल्ली टाइप करतंय कोण? क्यूआर स्कॅन करतात, नाहीतर व्हॉट्सअॅपवर लिंक येते. वेफर्सच्या बाबतीत हे मान्य. पण घाऊक व्यापारी ईमेल करतो, आणि ईमेलचा पत्ता तो फोनवर ऐकून लिहितो. इथे एकवचन-अनेकवचन हा शैलीचा प्रश्न राहत नाही, पैशाचा होतो. समजा तुमचं डोमेन अनेकवचनी आहे आणि एकवचनी दुसऱ्याच कुणाकडे आहे. त्याने तिथे कॅच-ऑल लावलं असेल, म्हणजे त्या डोमेनवर कुठल्याही नावाने येणारी मेल एका डब्यात पडत असेल, तर तुमच्या व्यापाऱ्याने चुकून एस गाळून पाठवलेली ऑर्डर, भाव, बँकेचे तपशील, सगळं त्याच्याकडे जातं. व्यापाऱ्याला 'पत्ता चुकला' असं परतही येत नाही. तुम्ही इकडे म्हणता माणूस उत्तर देत नाही, तो तिकडे म्हणतो माणूस उत्तर देत नाही. आणि केळी थांबत नाही हो, घड कापला की घड्याळ सुरू होतं.

मग कायदा काय करतो? २००४ साली सर्वोच्च न्यायालयात सत्यम इन्फोवेचं 'सिफी' विरुद्ध एक जास्तीचा एफ असलेलं 'सिफीनेट' असा खटला झाला आणि निकाल सत्यमच्या बाजूने लागला. डोमेनच्या नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं हे तेव्हा पक्कं झालं. पण 'सिफी' हा बनवलेला शब्द होता. 'केळी' कुणाच्या मालकीचा होत नाही. ट्रेडमार्क कायद्याचं (१९९९) नववं कलमच तसं आहे, मालाचं नुसतं वर्णन करणारा शब्द नोंदवून मिळत नाही. अमेरिकेतही हॉटेल्स डॉट कॉमला २००९ मध्ये याच कारणाने नकार मिळाला. बुकिंग डॉट कॉमने २०२० मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन होकार मिळवला, पण तेवढे वकील चोपड्याला परवडत नाहीत. सारांश, आपल्या नावाचा जो भाग कायद्याने आपला ठरू शकतो तो पहिला. दुसरा भाग सगळ्यांचा, आणि त्याची दोन्ही वचनं सगळ्यांची.

खुद्द डोमेनचा कारभार बघणाऱ्या आयकॅनलाही हे जमलेलं नाही. २०१२ च्या फेरीत डॉट कॉमसारखे नवे शेवट वाटायला काढले तेव्हा कुणी .कार मागितलं, कुणी .कार्स. हे दोन एकमेकांशी गोंधळ करतील का, यावर २०१३ मध्ये वेगवेगळ्या पंचांनी वेगवेगळे निकाल दिले. आज .कार-.कार्स, .गेम-.गेम्स, .फोटो-.फोटोज अशा जोड्या शेजारी शेजारी नांदतायत. पुढच्या फेरीच्या नियमांत मात्र त्यांनी ठरवलं की एकाच भाषेतल्या एकाच शब्दाची दोन्ही वचनं द्यायची नाहीत. शहाणपण आलं म्हणायचं. मराठीला हा नियम लावायला बसणाऱ्या माणसाबद्दल मला आत्ताच सहानुभूती आहे.

देवनागरीत घ्यावं का? ऑगस्ट २०१४ पासून .भारत आहे, त्यात मराठी नाव मिळतं, ळ मिळतो, केली-केळी हा घोळ संपतो. मी म्हणतो जरूर घ्या, पाऊचवर छान दिसतं. पण एकटं त्याच्यावर राहू नका. पडद्यामागे त्याचं रूपांतर एक्स, एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या लडीत होतं, आणि काही जुन्या प्रोग्रॅममध्ये किंवा फॉर्ममध्ये ती लडच दिसते. आणि एकवचनाचा गुंता तिथेही आहेच. केळं आणि केळे यात फरक तो एका टिंबाचा की मात्रेचा, आणि शिकलेला माणूस लिहिताना मात्रा देतो, बोलताना टिंब.

तर मी त्याला काय सांगितलं? 'केळी' घे. पंडिताला ते अनेकवचन वाटेल, शेतकऱ्याला पीक वाटेल, व्यापाऱ्याला माल वाटेल, काकूंना डझन वाटेल. एवढी माणसं एका शब्दात बसवणारं दुसरं रूप नाही. 'केळं' घेतलं तर फक्त एक नग उरतो, 'बनानाज' घेतलं तर फक्त बोर्ड. गावठी वाटण्याबद्दल म्हटलं, पुण्यात 'चोपड्याची केळी' असं कुणी म्हणालं तर त्याला दोन रुपये जास्त मिळतात, कमी नाही. मंडईत लोक गावाचं नाव विचारून घेतात. 'जळगाव बनाना'ला कागद मिळाला तोही गावाच्या नावावर.

त्याला पूर्ण पटलं नाही. पण त्याने एक हुशारी केली जी मला सुचली नव्हती. त्याने पुण्यातल्या, नाशिकमधल्या आणि सुरतच्या नातेवाइकांना फोन करून नाव फक्त तोंडी सांगितलं आणि म्हणाला, टाइप करून मला पाठवा. कुणी शेवटी आय केला, कुणी डबल ई, सुरतच्या मावशींनी के नंतर वाय घातला. एस किंवा झेड कुणीच लावला नाही. त्यावर तो स्वतःच म्हणाला, "जाऊ दे झेड." मला दोन तास बोलून जे जमलं नाही ते मावशींच्या एका मेसेजने झालं.

सध्याची स्थिती: आय असलेलं स्पेलिंग मुख्य, ते डॉट कॉम आणि डॉट इन दोन्हीकडे. डबल ई वालं आणि 'वेफर्स'वालं घेऊन कायमच्या रीडायरेक्टने, म्हणजे ३०१ ने, मुख्यकडे वळवलंय. वळवताना लोक फक्त वेबसाईट वळवतात आणि मेल विसरतात, म्हणून त्या दोन्ही डोमेनचे एमएक्स रेकॉर्डही लावले. चुकीच्या स्पेलिंगला आलेली मेल त्याच डब्यात पडते. सगळ्यांची मुदत एकाच तारखेला आणून ठेवलीय, दिवाळीच्या आधी, कारण तेव्हा हातात थोडे पैसे असतात. आणि नोंदणी त्याच्या स्वतःच्या नावावर, त्याच्या स्वतःच्या ईमेलवर केली, माझ्या नाही. वेबसाईट करून देणाऱ्या भावाच्या नावावर डोमेन ठेवून पुढे भावकी झालेली उदाहरणं तुम्हालाही माहीत असतील.

.भारतचं तेवढं राहिलंय. त्यात काय घ्यायचं यावर घरात अजून बोलणी सुरू आहेत. मामींचं म्हणणं की देवनागरीतच लिहायचं तर मग 'केयी' का नको?